अंगावरचं सोनं, नावावरचं सोनं

 

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : 'दागिने उद्योगातील महिलांचं नेतृत्व आणि सक्षमीकरण'. मी फोनवर म्हटलं, "अहो, मी तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. माझा आणि सोन्याचा संबंध काय?" तर म्हणाले, "सर, तुम्ही काहीही बोला, लोक ऐकतात." हा गौरव होता की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की संबंध आहे. चांगला जवळचा आहे. तो मध्येच कुठेतरी सांगेन.

आमच्या विषयात एक शब्द पदोपदी येतो, निकष. सत्याचा निकष, नीतीचा निकष. वर्गात हा शब्द मी हजारदा वापरला असेल. मूळ संस्कृतात निकष म्हणजे सोनाराचा कसोटीचा दगड. काळा, गुळगुळीत. त्यावर सोनं घासायचं आणि उमटलेल्या रेघेवरून कस ठरवायचा. म्हणजे बघा, आम्ही आणि सराफ एकाच अवजारावर पोट भरतो. तेव्हा आज मी एवढंच करणार आहे : 'सक्षमीकरण' हा शब्द त्या दगडावर घासून बघणार आहे. सोनं निघालं तर आनंदच आहे.

सुरुवात जाहिरातीपासून करू, कारण या उद्योगात बाईविषयी सगळ्यात जास्त बोलते ती जाहिरात. २०१३ साली तनिष्कची एक जाहिरात आली होती. गौरी शिंदे यांनी केलेली, 'इंग्लिश विंग्लिश'वाल्या, आपल्या पुण्याच्या. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सावळी नवरी, आरशासमोर तयार होतेय. एक लहान मुलगी तिच्या अवतीभवती. पुढे फेरे सुरू होतात तेव्हा कळतं की ही मुलगी नवरीचीच आहे, म्हणजे हे दुसरं लग्न आहे. मुलगी हट्ट धरते, मलाही फेरे घ्यायचेत. आई दटावते. आणि नवरा तिला बोलावतो, उचलून घेतो आणि फेरे पुढे चालू. देशभर कौतुक झालं. माझेही डोळे पाणावले, खोटं कशाला सांगू. जाहिरातींतल्या नवऱ्या गोऱ्यापान असतात, पहिल्या लग्नाच्या असतात. या बाईंनी एका फटक्यात दोन्ही मोडलं. हे धाडस छोटं नव्हतं.

आता समीक्षकाचं काम म्हणजे डोळे पुसून पुन्हा बघणं. पुन्हा बघितलं तेव्हा दिसलं की त्या दीड मिनिटात निर्णय कोण घेतं? नवरा घेतो. मुलीला जवळ करतो तो, मोठेपणा त्याचा. नवरी काय करते? सुंदर दिसते, आणि कृतज्ञतेने बघते. आणि जे विकायचं आहे, म्हणजे तिच्या गळ्यातलं, कानातलं सोनं, ते कुणी घेतलं, कुणाच्या पैशाने घेतलं, बिल कुणाच्या नावाने फाडलं, याचा पत्ता नाही. दिग्दर्शक बाई आहे, नायिका बाई आहे, गिऱ्हाईकही बाई आहे, आणि तरी कर्ता पुरुषच. मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. बाई नटवली जाते, बाई स्वीकारली जाते.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. हिरा आणि लग्न यांची गाठ ज्या इंग्रजी घोषवाक्याने जगभर पक्की केली, हिरा म्हणजे कायमचा, या अर्थाचं ते वाक्य १९४७ साली एका बाईने लिहिलं. फ्रान्सिस गेरेटी त्यांचं नाव, डी बिअर्सच्या जाहिराती करणाऱ्या संस्थेत कॉपी लिहायच्या. जगभरच्या नवऱ्यामुलांना अंगठी घ्यायला लावली आणि स्वतः लग्न केलं नाही. पुढे २००३ मध्ये त्याच डी बिअर्सने दुसरी मोहीम काढली. डावा हात संसाराचा झाला, आता उजव्या हातातली अंगठी बाईने स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी घ्यावी. हे झालं बाईचं स्वातंत्र्य! स्वातंत्र्य म्हणजे आणखी एक बोट.

विनोद बाजूला ठेवू. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी दागिना घेणारी बाई ही लहान गोष्ट नाही, आणि तिची टिंगल करणाऱ्या सुधारकांच्या पंक्तीत मला बसायचं नाही. मागे एकदा मी वर्गात दागिन्यांच्या हौसेवर तावातावाने बोलत होतो. एका विद्यार्थिनीने हात वर केला. म्हणाली, "सर, तुमच्या मनगटावर जे घड्याळ आहे ते वेळ बघायलाच आहे का?" घड्याळ मला सासऱ्यांनी दिलेलं होतं. मी विषय बदलला.

तेव्हा माझा आक्षेप हौसेवर नाही. तो एका गोंधळावर आहे आणि तोच आजचा माझा मुद्दा आहे. जे बाईच्या अंगावर आहे ते तिचंच आहे असं आपण सगळे धरून चालतो. उद्योग धरून चालतो, सरकार धरतं, घर धरतं आणि बाईसुद्धा धरते. अंगावर असणं आणि मालकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिजोरीत सोनं असतं म्हणून आपण तिजोरीला श्रीमंत म्हणत नाही.

कायदा या बाबतीत, आश्चर्य वाटेल, पण पुष्कळ स्पष्ट आहे. स्त्रीधन हा शब्द जुना आहे. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार मोजलेत, मिताक्षरेने ते आणखी रुंद केले. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगून टाकलं की स्त्रीधन ही त्या स्त्रीची संपूर्ण मालमत्ता आहे. सासरी आली म्हणून ती नवऱ्याची किंवा दोघांची होत नाही. नवऱ्याकडे ठेवली असेल तर तो राखणदार, आणि परत दिली नाही तर फौजदारी गुन्हा. अलीकडे, एप्रिल २०२४ मध्ये, केरळमधल्या एका प्रकरणात पुन्हा तेच सांगावं लागलं. तिथे लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने 'नीट ठेवतो' म्हणून घेतले आणि आईच्या हवाली केले. माहेरहून आलेलं ८९ पवन सोनं. न्यायालयाने २५ लाख रुपये द्यायला लावले आणि म्हटलं की नड असेल तर नवरा हे सोनं वापरू शकेल, पण परत देण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहील. १९८५ ते २०२४. एकोणचाळीस वर्षं! जी गोष्ट कायद्यात इतकी स्वच्छ आहे ती पुन्हा पुन्हा का सांगावी लागते?

दुसरं उदाहरण घ्या. प्राप्तिकर खात्याची धाड पडते तेव्हा दागिन्यांचं काय करायचं, याबद्दल केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची एक सूचना आहे. विवाहित बाईचे ५०० ग्रॅमपर्यंत, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅमपर्यंत आणि घरातल्या पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नयेत. व्यवहार म्हणून सूचना शहाणपणाची आहे. पण तत्त्वज्ञानाच्या मास्तरला तिच्यात एक गंमत दिसते. मंगळसूत्र घातल्याबरोबर बाईचं वजन सरकारदरबारी २५० ग्रॅमने वाढतं. आणि मग घराघरांत काय होतं? धाड पडली की घरातलं सगळं सोनं बायकोचं होतं. गहाण टाकायची वेळ आली की तेच सोनं घराचं होतं.

हे मी हवेत बोलत नाही. आता तो संबंध सांगतो.

१९७२. ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय ते इथे पुढच्या दोन रांगांत बसलेत, त्यांना मी काय सांगणार. मी तेव्हा औरंगाबादला विद्यापीठात एम.ए. करत होतो. आमचं गाव केज तालुक्यातलं. कोरडवाहू जमीन, विहिरीला पाणी नाही, खानावळीचे पैसे तीन महिन्यांचे थकलेले. मी शिक्षण सोडून खडी फोडायला येतो म्हणालो. अण्णा, म्हणजे वडील, नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याच्या गावी गेलो. आईच्या गळ्यात एकदाणी होती आणि एक बोरमाळ, दोन्ही तिच्या माहेरच्या. सराफाच्या दुकानात बैठकीवर अण्णा आणि मी बसलो. आई खाली, पायरीच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन उभी. गळ्यातलं तिने रस्त्यातच काढून रुमालात बांधून दिलं होतं. सराफ भला माणूस होता, त्याने वजन नीट केलं, भावात खोट काढली नाही. विचारलं ते अण्णांना, "कधी सोडवणार?" अण्णा म्हणाले, "सुगी झाली की." वहीत नाव अण्णांचं, सही अण्णांची. पैसे माझ्या हातात.

सुगी काही तशी झाली नाही. डाग सुटले नाहीत, मोडीतच गेले.

मी एम.ए. झालो, नोकरी लागली, पुढे पीएच.डी. केली. विषय होता कांटचा, इमान्युएल कांट. काट्याशी त्याचा संबंध नाही, पण आज जोडू. कांटच्या नीतिशास्त्रात एक फार मोठा भेद आहे : वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते. ज्याला किंमत आहे त्याच्या बदल्यात दुसरं काही देता येतं. प्रतिष्ठेच्या बदल्यात काही देता येत नाही. दुसऱ्याला केवळ साधन म्हणून वापरू नये. यावर मी साडेतीनशे पानं लिहिली. आणि अर्पणपत्रिकेत काय लिहिलं? माझ्या शिक्षणासाठी ज्यांनी घरातलं सोनं गहाण ठेवलं, त्या माझ्या वडिलांना.

प्रबंध छापून बांधून आला तेव्हा गावी घेऊन गेलो. आईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "पयल्या पानावर काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं लिवलंस." मला वाटतं ती ते मनापासून म्हणाली. मला त्रास त्याचाच होतो. अण्णांचा यात दोष नाही. त्या वेळी त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं, आणि आईला विचारलं असतं तरी तिने दिलंच असतं. पण विचारलं नाही. स्वायत्ततेवर प्रबंध लिहिणाऱ्यालाही हे दिसायला पन्नास वर्षं लागली.

आता मी जे म्हणतो ते नीट लक्षात घ्या. जमीन बाईच्या नावावर नसते हे दिसतं. सात-बारा काढला की कागदावर दिसतं. म्हणून त्याविरुद्ध भांडता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन घेतलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला : पुरुषांनी आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करून द्यावा. ज्या गावात शंभर घरं हे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. गावोगाव लोकांनी केलंही. मोठी गोष्ट होती ती. पण सोन्याची लक्ष्मीमुक्ती कुणी काढली नाही. का? तर सोनं बाईचंच असतं, असं सगळ्यांना वाटतं म्हणून! जमिनीचा अन्याय कागदावर होता, म्हणून सापडला. सोन्याचा अन्याय बाईच्या अंगावरच असतो, चमकत असतो, त्यामुळे दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा हिशेब आणखी एका ठिकाणी आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको. ऊसतोडीची उचल. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं. काम दोघांचं, मोळी तिच्या डोक्यावर, आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. तिच्या गळ्यात काळी पोत आणि सोन्याचे दोन मणी. इथे वही आणि सराफाची वही यांत मला फरक दिसत नाही.

बरं, दागिने घालणाऱ्या बाईबद्दल पुष्कळ झालं. घडवणाऱ्या बाईकडे वळू, कारण विषयात 'उद्योग' हा शब्द आहे.

सोनारकाम हा पुरुषांचा धंदा, असं आपण म्हणतो. फुंकणी, शेगडी, हातोडी, पट्ट्या ओढायचं यंत्र, यांच्यापुढे पुरुष बसलेला. पण त्याच घरात मागच्या खोलीत मणी ओवणं, माळ गाठवणं, दागिना रिठ्याच्या पाण्याने उजळून देणं, हे कोण करायचं? कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे, चांदीचं गाव. तिथले पैंजण देशभर जातात. आपल्या लेकी-सुनांच्या पायातलेही तिथलेच असतील. तिथे घरोघरी बायका कड्या जोडतात, घुंगरू लावतात. चांदी दुसऱ्याची. वजन करून घरात येते, वजन करून बाहेर जाते. मजुरी हातावर. त्या बोटांमधून आयुष्यभरात किती चांदी गेली असेल याचा हिशेब कुणी केला नसेल. पण त्या बाईला आपण काय म्हणतो? 'घरबसल्या काम करते'. तिला कारागीर म्हणत नाही. कारागीर तिचा नवरा. भाषेतच पगार ठरतो, मंडळी.

मुंबईत अंधेरीला सीप्झ आहे. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेला निर्यात विभाग. पुढे तिथे हिऱ्यांच्या दागिन्यांचे कारखाने उभे राहिले. मेणाचे नमुने, त्यांत बारीक खडे बसवणं, तपासणी अशा कामांवर हजारो मराठी मुली-बायका उपनगरी गाड्यांनी येऊन लागल्या. महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी. घर चालवलं त्यांनी, भावांची शिक्षणं केली. हे सक्षमीकरण मी कसोटीवर घासलं तर बऱ्यापैकी पिवळी रेघ येते. नियमित पगार ही बाईच्या आयुष्यातली क्रांती आहे, भाषणात ती कितीही रूक्ष वाटो. पण खड्याकडे डोळा लावून बसलेली मुलगी वीस वर्षांनी कुठे असते? टेबल बदलतं, मजला बदलतो का? हा प्रश्न विचारायला हवा.

मजला बदलला म्हणजे सगळं झालं असंही नाही. अमेरिकेत सिग्नेट नावाची दागिन्यांची फार मोठी कंपनी आहे. तिच्या स्टर्लिंग ज्वेलर्स या शाखेविरुद्ध तिथल्या विक्रेत्या बायकांनी २००८ साली दावा लावला. म्हणणं असं की आम्हाला पुरुषांपेक्षा पगार कमी, बढती कमी. गिऱ्हाईक बाईला 'तू अनमोल आहेस' म्हणून अंगठी विकायची, आणि विकणाऱ्या बाईचं मोल मात्र शेजारच्या टेबलावरच्या पुरुषापेक्षा कमी! प्रकरण चौदा वर्षं चाललं. २०२२ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरची तडजोड झाली, सुमारे ६८ हजार बायकांसाठी. मध्ये २०१७ पासून त्या कंपनीच्या प्रमुख एक बाईच होत्या. आता याचा अर्थ तुम्ही दोन्ही बाजूंनी लावू शकता. एक, बाई वर बसली तरी खालच्या बायकांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. दोन, बाई वर असतानाच ते मिटलं. मी घाईने निकाल देणार नाही. मला त्यातून एवढं दिसतं की पैसे मिळाले ते खालून लावलेल्या दाव्यामुळे. आपल्याकडे टायटनसारख्या कंपनीत डिझाइनची सूत्रं रेवती कांत यांच्याकडे होती, प्लॅटिनमच्या प्रसारात वैशाली बॅनर्जींचं नाव आहे. अशी नावं वाढावीत. पण नेतृत्व म्हणजे खुर्ची, एवढंच शिकवलं तर हुपरीच्या बाईला आपण काय सांगणार?

मग सोन्याच्या व्यवहारात बाईचं नेतृत्व मला कुठे दिसतं? हे ऐकून सराफ मंडळी नाराज होतील, पण मला ते दागिन्याच्या दुकानात सापडलं नाही. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड आहे. आपल्यासारखाच दुष्काळी भाग. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते, वाचता येत नव्हतं. त्या बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेल्या. म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही मुदलावर व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

त्या बँकेतली एक हकिकत चेतनाताईंनी जाहीरपणे सांगितलेली आहे. २०१२ च्या दुष्काळाची. एक पशुपालक बाई बँकेत आली, गळ्यातलं मंगळसूत्र गहाण ठेवायला. कशासाठी? जनावरांना चारा घ्यायला. पुढे त्यातूनच म्हसवडला मोठी चारा छावणी उभी राहिली. ही हकिकत ऐकली तेव्हा मला एकदम पायरीच्या कडेला उभी असलेली आई दिसली. दुष्काळ तसाच, गळ्यातलं सोनं तसंच, गहाणच. वर्णन केलं तर दोन्हींत फरक सांगता येणार नाही. पण इथे बाई स्वतः खुर्चीवर बसली आहे. कशासाठी पैसे हवेत ते ती सांगते आहे. समोर वही घेऊन बसलेलीही बाईच आहे आणि वहीत नाव लिहिलं जाणार ते गळ्यातलं काढणाऱ्या बाईचं. सोनं गेलं की राहिलं हा प्रश्न दुय्यम आहे. स्वतःचं सोनं मोडणारी बाई सक्षम असू शकते आणि लग्नात पन्नास तोळे घालून बसलेली बाई नसू शकते. हा माझा निकष. तुम्ही दुसरा आणा, त्यावरही घासू.

अशी छोटी रेघ आपल्या सराफा बाजारातही कधी कधी उमटते. दुकानांच्या मासिक बचत योजना असतात बघा, अकरा हप्ते भरायचे. त्या योजनेचं पुस्तक बाईच्या नावाचं असतं. शिक्षिका, नर्स, बचत गटातल्या बायका महिन्याला पाचशे, हजार भरतात. भिशीचे पैसे लागले की अर्धा तोळा घेऊन ठेवतात आणि घरात बोलत नाहीत. पुरुष याला लपवाछपवी म्हणतात. मी याला अर्थशास्त्र म्हणतो. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमधल्या ठेवी कशा अडकल्या ते तुम्ही बघितलंय. आणि २०२५ साली सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेला. त्या न बोललेल्या अर्ध्या तोळ्यांनी किती घरं सावरली असतील!

जाता जाता आपल्या भागातली एक कथा. परळीच्या पलीकडे गंगाखेड, जनाबाईचं. कथा सगळ्यांना माहीत आहे : विठ्ठल तिच्याकडे दळायला येतो, पहाटे घाईत निघतो, शेला आणि पदक तिथेच राहतं, आणि तिची वाकळ पांघरून जातो. सकाळी पदक सापडेना. शोध कुणाकडे? दासीकडे. तिच्या खोपटात सापडलं, म्हणजे चोरी. सूळ. मग सुळाचं पाणी होतं वगैरे. आपण चमत्कारापाशी टाळ्या वाजवतो. मी त्याच्या आधी थांबतो. राबणाऱ्या बाईच्या घरी सोनं दिसलं तर त्याचं कारण एकच असू शकतं, असं सगळ्या गावाने धरलं. तिला कुणी दिलं असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. कारखान्याच्या दारात संध्याकाळी झडती देणाऱ्या मुलीला ही कथा सांगून बघा. तिला चमत्काराच्या आधीचा भाग लगेच कळेल. आणि याच्या शेजारी हेही ठेवा : मंदिरातली देवता आपल्या कायद्याने विधिव्यक्ती आहे. तिला वाहिलेला दागिना तिच्या मालकीचा, विश्वस्त फक्त सांभाळणारे, हिशेब ठेवावा लागतो. आपल्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं होतं आणि मुहूर्त टळला, ती कुमारिकाच राहिली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. लग्न न झालेल्या देवीच्या दागिन्यांना मालकीण असते. लग्न झालेल्या बाईच्या दागिन्यांना असते का?

वेळ संपत आली, चिठ्ठी आली आहे. शेवटची एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

या व्याख्यानाची तयारी करताना मी घरातल्या सोन्याच्या पावत्या काढल्या. आमच्या सौभाग्यवती, हा शब्द त्यांना आवडत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होत्या. घरात जे थोडं सोनं आहे त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्या पगारातलं. पावत्या निघाल्या नऊ. आठांवर माझं नाव, एकीवर मुलाचं. मी जरा ओशाळून विचारलं, "तू कधी काही बोलली नाहीस?"

म्हणाल्या, "दुकानात विचारायचे, बिल कुणाच्या नावाने करू? आणि उत्तर तुम्ही द्यायचात. माझ्याकडे कुणी बघायचंच नाही. मी आरशात बघत असायची, गळ्यात कसं दिसतंय ते."

मी म्हटलं, "मग आता काय करायचं?"

"पावत्या राहू द्या. लॉकरची किल्ली तेवढी इकडे द्या."

दिली आहे. आता प्रश्न असतील तर घेऊ या. माइक आधी बायकांच्या बाजूला न्या.